असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहायला गेलात? जे हातानं होतंय ते हातानंच करत राहा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात ज्येष्ठांच्या संस्थांमध्ये जाऊन व्यायाम घेते, म्हणजे ज्याला आता सगळे असिस्टेड लिव्हिंग म्हणतात अशा जागा. स्वतःची खोली, चहा-नाश्ता-जेवण वेळेवर, आंघोळीला मदत करायला मावशी, गोळ्या द्यायला सिस्टर, रात्री बेल दाबली की कोणीतरी येणार. आई-बाबांना तिथे ठेवलंय हे सांगताना मुलांचा आवाज अजूनही खाली जातो आणि मला ते अजिबात पटत नाही, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्यानं राहायचं, महिनोन्महिने खाली उतरायचं नाही, यापेक्षा चार माणसांत राहणं कधीही चांगलं. पण नुसतं राहायला गेलं म्हणजे झालं असं नाहीये. तिथे तब्येत आणि मन दोन्ही नीट ठेवायचं तर काय करायचं, ते मी रोज जे बघते त्यावरून लिहितेय. राहणाऱ्यांसाठी लिहितेय आणि त्यांच्या मुलांसाठीही.

आधी हे: जास्तीची मदत नको

सगळ्यात मोठा धोका कुठला असं विचाराल तर मी पडणं नाही सांगणार, जास्तीची मदत सांगेन. कसं होतं बघा. एक काकू आल्या, ऐंशीच्या पुढच्या, हाताला कंप आहे. घरी असताना ब्लाउजची हुकं स्वतः लावायच्या, वेळ लागायचा पण लावायच्या. इथे मावशीला सकाळी आठ जणींच्या आंघोळी उरकायच्या असतात, ती बिचारी पटकन लावून देते. मग थोड्या दिवसांनी साडीऐवजी गाऊन, कारण तो सोपा. मग वेणीही मावशीच घालते, मग चहाचा कप तोंडाला तीच लावते कारण काकूंच्या हातून सांडतो. यात वाईट कोणीच नाही, सगळे मायेनंच करतायत, पण दोन-तीन महिन्यांत काकूंचे हात खरंच चालेनासे झाले. वापर थांबला की या वयात ताकद फार लवकर जाते आणि परत आणायला गेलं की त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

आम्ही मग मावशींसोबत बसलो आणि ठरवलं की काकूंची आंघोळ शेवटची घ्यायची म्हणजे घाई नाही, वरची दोन हुकं काकू लावणार, बाकीची मावशी. आता सगळ्यात खालचं सोडून बाकी सगळी त्या लावतात. चहा अर्धाच कप द्यायचा, दोनदा द्यायचा, मोठ्या कानाच्या मगात. सांडला तर पुसायचा.

तुम्ही काय करायचं, तर गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात एका कागदावर तीन रकाने करा. मी स्वतः करतो, थोडी मदत लागते, पूर्ण मदत लागते. दाढी, वेणी, आंघोळ, पाठ चोळणं, कपडे, पलंगावरून उठणं, संडास, जेवण, गोळ्या काढणं, फोन लावणं, एकेक गोष्ट घ्या आणि त्या त्या रकान्यात लिहा. कागद कपाटाच्या दारावर चिकटवा, कारण मावशी बदलत राहतात, मावशी पुरवणाऱ्या ब्युरोकडून नवीन आली की तिला कुणी काही सांगत नाही आणि ती पहिल्यापासून सगळं करायला लागते. आणि तोंडानं सांगायची सवय करा, "थांब गं, मला करू दे, तू नुसती बाजूला उभी राहा." राग न करता, रोज. थोडी मदत या रकान्यातलं एखादं काम स्वतः करतोच्या रकान्यात आणता येतंय का हे दर महिन्याला बघायचं, मी माझ्या पेशंट्ससोबत हे करते आणि एखादं काम सरकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठीच मी हे काम करते.

उठा, बसा, चाला

जागतिक आरोग्य संघटनेचं ६५ च्या पुढच्यांसाठी सांगणं आहे की आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्यात आठवड्यातून ३ दिवस तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम. १५० ऐकून घाबरू नका, जेवणानंतर दहा-दहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चाललात तरी बरंच भरतं आणि ज्यांना तेवढं जमत नाही त्यांनी जमेल तेवढं, काहीच न करण्यापेक्षा थोडंसुद्धा फार उपयोगी.

मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी खुर्चीवरून उठून बसणं निवडेन. हात असलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, पुढे सरकून बसा, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका आणि उठा. बसताना धपकन नाही, हळू हळू. सुरुवातीला हातांनी रेटा द्या, मग हळूहळू हात कमी करा. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी इथून सुरू करा. याच्यावरून पायांची ताकदही कळते, हात छातीवर ठेवून ३० सेकंदात किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजतात, ७५ ते ७९ वयात बाईला १० पेक्षा कमी आणि पुरुषाला ११ पेक्षा कमी जमलं तर पडायचा धोका जास्त धरतात. एकट्यानं मोजू नका, फिजिओ किंवा सिस्टर शेजारी हवी. बायपास झालीय, गुडघा बदललाय, चक्कर येते, अशांनी आधी डॉक्टरांना विचारून.

तोलासाठी कठड्याला धरून एक पाऊल दुसऱ्याच्या बरोब्बर पुढे ठेवून १० सेकंद उभं राहायचं, मग पाय बदलायचा. कठडा सोडायचा नाही. हास्यक्लब, टाळ्या, प्राणायाम हे सगळं छान आहे, करा, पण ते बसून होतं आणि पायांना त्याचा उपयोग कमी, म्हणून त्याला व्यायाम झाला असं धरून चालू नका.

पडण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण खुब्याचं हाड मोडलं की माणूस खूप मागे जातो. बरीच मंडळी रात्री लघवीला उठताना पडतात. झोपेतून एकदम उभं राहिलं की बीपी खाली येतं, त्यात बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर अजूनच. म्हणून आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसा, पंजे वर-खाली करत मिनिटभर थांबा, मग धरून उभं राहा, उभं राहून परत क्षणभर थांबा आणि मगच पाऊल टाका. रात्रीचा छोटा दिवा पलंग ते बाथरूम रस्त्यावर रात्रभर चालू हवा. पायपुसणी, जाजम, मोबाईलच्या चार्जरची वायर, सगळं रस्त्यातून काढा, अगदी आईनं स्वतः विणलेलं जाजम असलं तरी ते भिंतीवर लावा. हवाई चप्पल बंद, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. गाऊन घोट्याच्या वर. बेलची दोरी बाथरूममध्ये जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली हवी, कितीतरी ठिकाणी ती वर गुंडाळून ठेवलेली असते, आजच जाऊन बघा. महारेराने, म्हणजे बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घालून दिलेत, त्यात ९०० मिलिमीटर रुंद दारं, बाथरूममध्ये धरायला बार, न घसरणाऱ्या फरशा असं सगळं आहे, जुन्या बंगल्यात चालणाऱ्या संस्थेला ते नियम लागू नसले तरी जागा बघायला जाताना तुम्ही ती यादी सोबत ठेवा.

आणि पडलात तर लपवू नका. मुलं काळजी करतील, व्हीलचेअरवर बसवतील म्हणून कितीतरी जण सांगतच नाहीत. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लगेच हॉस्पिटल, बरं वाटत असलं तरी.

ताटात काय आहे ते बघा

मेसचं जेवण म्हटलं की तक्रारी चवीच्या असतात, मला तक्रार वरणाची आहे. पातळ वरण, भात, एक पोळी, बटाट्याची भाजी यात पोट भरतं पण प्रोटीन नसतं आणि म्हातारपणी स्नायू टिकवायला ते जास्त लागतं, वजनाच्या दर किलोला रोज साधारण १ ग्रॅम धरा, म्हणजे ५५ किलोच्या आजींना ५५ ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, कपभर दुधातही जवळपास तेवढंच, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ च्या आसपास. तेव्हा संस्थेला नम्रपणे पण ठामपणे सांगा की वरण घट्ट हवं, नाश्त्याला रोज पोहे-उपमा नको, आठवड्यातून तीन दिवस मूगडाळीचं धिरडं, अंडं, नाहीतर उसळ हवी. खोलीत सातूचं पीठ, फुटाण्याचं पीठ, शेंगदाण्याचा कूट ठेवा. दात नाहीत म्हणून सगळं मिक्सरमधून काढू नका, कवळी ढिली झाली असेल तर ती नीट करून घ्या, चावून खाण्यात जी मजा आहे ती का सोडायची. भाकरी दुधात किंवा कढणात कुस्करून, मोड आलेले मूग चांगले शिजवून, नाचणीचं सत्त्व, हे सगळं खाता येतं. खाताना ताठ बसून, टीव्ही बंद, ठसका वारंवार लागत असेल तर सांगा, तो नुसता ठसका नसतो, गिळायला त्रास सुरू झालेला असू शकतो.

रात्रीचं जेवण सात वाजता आणि नाश्ता साडेआठला म्हणजे मध्ये साडेतेरा तास उपाशी. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी याकडे फार लक्ष द्या, पहाटे घाम येणं, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही शुगर उतरल्याची लक्षणं असू शकतात. झोपताना कपभर दूध, दोन बिस्किटं असं काहीतरी डॉक्टरांना विचारून ठरवून घ्या.

पाणी हा वेगळाच विषय. रात्री उठावं लागतं म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही असं खूप जणांचं चालतं, त्यात या वयात तहानही कमी लागते. मग बद्धकोष्ठ, युरिन इन्फेक्शन, चक्कर. हार्ट किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत पिऊन टाका, ताक, कोकम, पेज सगळं त्यात धरा.

गोळ्या, आणि अचानक बदललेलं माणूस

हे मुलांनी नीट वाचा. आई कालपर्यंत ठीक होती, आज असंबद्ध बोलतेय, दिवस-रात्र कळत नाहीये, तर हे वय झालं म्हणून नसतं. असं एक-दोन दिवसांत बदललेलं माणूस म्हणजे आजारी माणूस. इन्फेक्शन असेल, लघवी तुंबली असेल, नवीन गोळीमुळे असेल, किंवा आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं तसं सोडियम कमी झालं असेल. बीपीसाठी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू आणि वरून मीठ अगदी बंद, असं असलं की सोडियम उतरू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर, त्याच दिवशी रक्त-लघवी तपासणी, सोमवारपर्यंत थांबायचं नाही.

वर्षातून दोनदा सगळ्या गोळ्या, अगदी होमिओपॅथी, आयुर्वेदिक, मेडिकलमधून आणलेली पेनकिलर, सगळं एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा यातलं काय बंद करता येईल. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर मुद्दाम विचारा, अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांत पडणं आणि गोंधळणं वाढतं, पण स्वतःच्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी कराव्या लागतात. शाकाहारी आहात आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेताय तर बी१२ तपासा. लसींबद्दलही बोला, फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची आणि नागिणीची, एकत्र राहणाऱ्यांत खोकला फार पटकन पसरतो. झोप लागत नसेल तर सकाळी गॅलरीत उजेडात बसा आणि दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा, निम्मी तक्रार त्यानेच कमी झालेली मी बघितलीय.

कानाचं मशीन कपाटात असेल तर काढा. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्पांतून उठून जातो, मग एकटा पडतो, आणि बहिरेपणाचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे हे आता नीट माहिती झालंय. मशीन पहिले काही आठवडे त्रास देतं, ताटल्यांचा आवाज कर्कश्श लागतो, ऑडिओलॉजिस्टकडून सेटिंग बदलून घ्या आणि रोज थोडा थोडा वेळ वाढवा.

माणसं आणि काम

पहिला महिना जड जातो, जाणारच. तीस-चाळीस वर्षांचं घर सुटलेलं असतं. त्या महिन्यात सगळ्यांशी ओळख करायच्या मागे लागू नका, एक माणूस शोधा. जेवणाच्या टेबलावर रोज त्याच्याच शेजारी बसा. रमी खेळणारा असेल, कोकणातला असेल, बँकेत नोकरी केलेला असेल, काहीतरी धागा सापडतोच. जुनी माणसं सोडू नका, भिशी चालू ठेवा, भजनी मंडळाला सांगा की महिन्यातून एकदा इथे येऊन म्हणा, बहुतेक संस्था आनंदानं हॉल देतात. बाहेर पडा. ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी २०२२ पासून महाराष्ट्रात फुकट आहे आणि ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, तब्येत बरी असेल तर चार जण मिळून सोबत एखादा धडधाकट माणूस घेऊन आळंदीला जाऊन या. जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं सभासदत्व असेल तर ते राहू द्या, राज्यभरातल्या अशा संघांचा फेस्कॉम नावाचा महासंघ आहे, तुमच्या नव्या पत्त्याजवळचा संघ शोधता येईल.

आणि काम हवं. करमणूक वेगळी आणि काम वेगळं. तंबोला, गाण्याचे कार्यक्रम, वाढदिवसाचे केक हे सगळं होतं पण त्यात तुम्ही प्रेक्षक. माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय हे लागतं. एका संस्थेत मी जाते तिथल्या एक आजी रोज सगळ्या देव्हाऱ्यांसाठी वाती वळतात, कापूस पिंजून मांडीवर घेतात, दोन बोटांत लांबवत नेतात आणि तळहातावर पीळ देतात, स्मृतिभ्रंश आहे, नातवाचं नाव आठवत नाही पण वात एकसारखी पडते. श्रावणात त्यांच्याकडे मागणी वाढते आणि त्या दिवसांत त्या रात्री शांत झोपतात असं सिस्टर सांगतात. मटार सोलणं, मेथी निवडणं, पेपर वाचून दाखवणं, दिवाळी अंकांची लायब्ररी सांभाळणं, मावशीच्या मुलीला दहावीचं गणित शिकवणं, यातलं काय जमेल ते मागून घ्या. संस्था स्वतःहून देणार नाहीत, त्यांना वाटतं तुम्हाला आराम द्यायचाय.

अजून एक, ज्याबद्दल बोलायचं टाळतात. अशा जागी माणसं वारतात. कालपर्यंत समोर जेवणारे आजोबा दिसत नाहीत, खोलीला कुलूप, आणि विचारलं की "मुलाकडे गेलेत" असं सांगतात. हे बंद व्हायला हवं. तुम्ही रहिवाशांनी एकत्र येऊन ऑफिसला सांगा की आम्हाला कळवा, फोटो ठेवा, फूल वाहू द्या, पाच मिनिटं बसू द्या. लपवल्यानं भीती वाढते, आपल्या मागेही असंच होणार असं वाटत राहतं. आणि दोन आठवड्यांहून जास्त जेवण नको, कुणाशी बोलायला नको, सारखं रडू येतंय असं असेल तर त्यावर उपचार आहेत, वयाचा भाग म्हणून सोडू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७, कुणी त्रास देत असेल, पैसे काढून घेत असेल तरी तिथे फोन करा. फोनवर पोलीस बनून डिजिटल अरेस्टची धमकी दिली तर फोन कट आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

कागद

थोडक्यात सांगते. ७० च्या वर असाल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, पण योजनेतल्या हॉस्पिटलमध्येच, त्यामुळे संस्थेजवळचं कुठलं आहे ते आधी बघून ठेवा. पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, नोव्हेंबरमध्ये रांगेत उभं राहू नका. घर मुलांच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहून घ्या, मुलांनी सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं ते २००७ च्या ज्येष्ठांच्या कायद्यातल्या कलम २३ खाली, आणि ते कलम त्या अटीच्या जोरावर चालतं. आणि व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही लिहून ठेवू शकता, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. एक प्रत मुलांकडे, एक संस्थेच्या फाइलमध्ये.

मुलांनो, भेटायला जाल तेव्हा

परदेशात असाल तर फोनची वेळ पक्की करा, पुण्यात रविवारी सकाळचे ७ म्हणजे न्यूयॉर्कला शनिवारी रात्रीचे साडेआठ-साडेनऊ, दोघांनाही सोयीची वेळ आहे, आणि ती चुकवू नका, आई साडेसहापासून तयार होऊन बसलेली असते. इथेच राहत असाल तर पेढ्यांचा बॉक्स घेऊन खोलीत अर्धा तास बसण्यापेक्षा त्यांना घेऊन चाला, गेटपर्यंत का होईना. त्या वेळात काठीच्या टोकाचं रबर गुळगुळीत झालंय का ते बघा, सर्जिकलच्या दुकानात नवीन मिळतं. काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यायला हवी. पायाची नखं कापा, चष्मा पुसा, कानाचं मशीन चार्ज होतंय का बघा, टाचा आणि माकडहाडाजवळची त्वचा लाल झालीय का बघा, दाबल्यावरही लाली जात नसेल तर सिस्टरला लगेच दाखवा. गेल्या महिन्यापेक्षा कपडे ढिले झालेत का, वजनाचं रजिस्टर मागून घ्या. आणि निघताना मावशीशी दोन मिनिटं बोला, त्या रकान्यांच्या कागदावर आता काय बदललंय ते तिला विचारा, आईला सगळ्यात जास्त वेळ तीच बघते.